शेवटी बरे वाटले, त्याचे काय करायचे?

पत्र

आम्ही पाचसहा जण महिन्यातून एकदा एकत्र बसून एखादा चित्रपट पाहतो आणि मग त्यावर बोलतो. गेल्या वेळी डॅनिश दिग्दर्शक लार्स फॉन ट्रिअर यांचा 'डॉगव्हिल' पाहिला. एक मैत्रीण मध्येच उठून दुसऱ्या खोलीत गेली. 'तीन तास एका बाईचा छळ दाखवायचा आणि त्याला कला म्हणायचे, हे मला मान्य नाही,' असे ती नंतर म्हणाली. आमच्यातल्या एका मित्राच्या मते ही फार मोठी कलाकृती आहे आणि मैत्रिणीला ती कळलीच नाही. दोघांचे इतके बिनसले की अजून धड बोलणे नाही. मी त्या दिवशी काहीच बोलले नव्हते, म्हणून पुढच्या बैठकीचे टिपण माझ्या गळ्यात पडले आहे. माझ्या गप्प बसण्याचे कारण मात्र कोणाला ठाऊक नाही. शेवटी गुंड त्या बाईला छळणारे सगळे गाव बेचिराख करतात तेव्हा मला बरे वाटले. इतकेच नव्हे, गावातल्या व्हेरा नावाच्या बाईच्या मुलांना तिच्या डोळ्यांदेखत मारण्याचा हुकूम सुटला तेव्हा 'बरी खोड मोडली' असे मनात येऊन गेले. त्याच वयाच्या मुलांना मी शाळेत शिकवते. हे टिपणात लिहावे का? की चित्रपट चांगला आहे की वाईट, एवढेच लिहावे? आणि ज्या बाईच्या मनात असे येते ती कशी म्हणायची?

एक शिक्षिका

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: होय, टिपणात हे लिहा, आणि टिपणाची सुरुवातच तिथून करा. त्या दिवशी तुमच्या मैत्रिणीने आणि मित्राने एकमेकांना जे सुनावले ते चित्रपटावरचे निकाल होते. चित्रपट पाहताना आपल्याला नेमके काय झाले, हे दोघांपैकी कोणीच सांगितलेले दिसत नाही. तुमच्याकडे सांगण्यासारखे काहीतरी होते आणि तुम्ही ते दाबून ठेवलेत. बैठकीला हवे आहे ते तेच.

ज्या वाचकांनी 'डॉगव्हिल' पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २००३ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवल्या गेलेल्या या जवळजवळ तीन तासांच्या चित्रपटात डोळ्यांना दिसेल असे गाव नाहीच. स्टुडिओच्या काळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा मारून घरे आखली आहेत. भिंती नाहीत, दारे नाहीत. नट हवेतच दार उघडतात आणि आपल्याला त्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. कुत्रासुद्धा जमिनीवर रेघांनीच काढलेला आहे. गुंडांपासून पळत आलेली ग्रेस या गावात आसरा मागते. टॉम नावाचा, स्वतःला विचारवंत समजणारा तरुण तिची रदबदली करतो आणि गावकरी तिला दोन आठवडे पारखून घ्यायचे ठरवतात. ती घरोघरची कामे करू लागते. पुढे पोलीस तिच्या शोधाचे पत्रक लावून जातात, तेव्हा तिला ठेवून घेण्यातली जोखीम वाढली म्हणून तिने काम वाढवावे आणि मजुरी कमी घ्यावी, असा ठराव होतो. मग गावातले पुरुष तिच्यावर हक्क सांगू लागतात. पळून जाण्याचा प्रयत्न फसल्यावर तिच्या गळ्यात लोखंडी पट्टा अडकवून त्याला जड चाक आणि घंटा जोडली जाते. प्रत्येक पायरीवर गावाकडे समंजस वाटणारे एक कारण तयार असते, आणि क्रौर्याबद्दल हा चित्रपट जे काही सांगतो त्यातले सर्वांत खरे मला हेच वाटते. अखेर ज्या टोळीपासून ती पळाली होती तिचा म्होरक्या तिचा बापच निघतो, आणि गावाचे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार तिच्या हाती येतो.

आता तुमच्या मनात आलेल्या त्या वाक्याकडे वळते. ते कोठून आले हे पाहायचे असेल तर शेवटचे प्रकरण बाजूला ठेवून चिनी मातीच्या बाहुल्यांपर्यंत मागे जावे लागते. मिळालेल्या तुटपुंज्या मजुरीतून ग्रेस गावातल्या दुकानातून छोट्या छोट्या सात बाहुल्या एकेक करून विकत घेते. त्या गावात तिच्या मालकीचे म्हणावे असे दुसरे काहीच नाही. नवऱ्याने ग्रेसवर केलेल्या अत्याचाराचा दोष व्हेरा ग्रेसलाच देते आणि तिच्या खोलीवर येते. ग्रेसने तिच्या मुलांना संयमाचे तत्त्वज्ञान शिकवलेले असते, त्याचा आधार घेऊन ती म्हणते की मी आधी दोन बाहुल्या फोडीन, तू डोळ्यांतून पाणी काढले नाहीस तर तिथेच थांबेन. ग्रेसला रडू आवरत नाही आणि सातही बाहुल्या फुटतात. शेवटी ग्रेस जो हुकूम देते तो शब्दाला शब्द याच प्रसंगावर बेतलेला आहे: आधी मुलांना मारा, आईला पाहायला लावा, तिने अश्रू आवरले तर थांबेन असे तिला सांगा.

म्हणजे बराच वेळ तुमच्या मनात एक हिशेब उघडा ठेवलेला होता, तो ट्रिअर यांनी जाणूनबुजून उघडा ठेवला होता, आणि तो मिटला तेव्हा तुम्हाला बरे वाटले. मुले मेली म्हणून तुम्हाला आनंद झाला, असे मला वाटत नाही. परतफेड जुळली याचा तो आनंद होता. पण जुळवणीत एका बाजूला मातीच्या बाहुल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला मुले, हे त्या क्षणी तुमच्या नजरेतून निसटले. माझ्या मते चित्रपटाची सगळी करामत या निसटण्यात आहे, आणि टिपणाचा मोठा भाग तुम्ही यावरच खर्च करावा. ते निसटावे म्हणून काय काय आधीच करून ठेवले आहे तेही पाहा. जेसन हा व्हेराचा मुलगा ग्रेसला स्वतःच डिवचून मार खातो आणि मग आईकडे तक्रार करतो, त्यामुळे तो आपल्या मनातून केव्हाच उतरलेला असतो. बाकीच्यांतल्या बऱ्याच मुलांना पुराणकथांतली भारदस्त नावे आहेत, पण लक्षात राहील असा चेहरा जवळजवळ एकालाही नाही. तुम्ही त्याच वयाच्या मुलांना शिकवता, म्हणून दुसऱ्याच क्षणी तुमच्या डोळ्यांसमोर चेहरे आले. ते चेहरे तुम्ही स्वतःचे आणलेत. चित्रपटाने ते दिले नव्हते.

असे झालेल्या तुम्ही एकट्या नाहीत. मिखाएल हानेके यांच्या १९९७ च्या 'फनी गेम्स'मध्ये दोन तरुण एका कुटुंबाला कोंडून त्यांचा जीवघेणा छळ करतात, आणि एका क्षणी त्या घरातली बाई बंदूक हिसकावून त्यांतल्या एकाला गोळी घालते. कानमधल्या खेळाला तिथे प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, असे हानेके यांनीच सांगितले आहे. लगेच दुसरा तरुण रिमोट शोधतो, चित्रपटच मागे फिरवतो आणि ती गोळी झाडलीच गेली नाही असे करून टाकतो. टाळ्या वाजवणारे हात तसेच राहतात. हानेके यांना प्रेक्षकाला शिकवायचे आहे आणि ते तसे उघडपणे दाखवतात, ज्याचा मला थोडा जाचच होतो. ट्रिअर काहीच मागे फिरवत नाहीत. तुम्हाला हवे होते ते ते पूर्ण होऊ देतात आणि तुम्हाला त्याच्याबरोबर सोडून देतात. या दोहोंपैकी दुसरा मार्ग मला अधिक कठोर वाटतो आणि अधिक सरळही.

तरीही दिग्दर्शकाला इतक्या सहज सोडू नका. सूड येण्याआधी मोटारीत बाप आणि मुलगी बोलत बसतात, ते दृश्य जमल्यास पुन्हा पाहा. बाप तिला म्हणतो की तू गर्विष्ठ आहेस, कारण ज्या गोष्टीसाठी तू स्वतःला कधी क्षमा करणार नाहीस त्याच गोष्टीसाठी तू या लोकांना क्षमा करतेस, म्हणजे त्यांना तू तुझ्या बरोबरीचे मानतच नाहीस. युक्तिवाद हुशार आहे आणि अर्धा खराही आहे. मग ग्रेस गावात फेरी मारते, ढगांतून चंद्र बाहेर येतो, त्या प्रकाशात तिला गाव निराळे दिसते आणि तिचा निर्णय होतो. कत्तल आपल्यासमोर येते ती अशी, विचारपूर्वक काढलेल्या निष्कर्षाच्या वेषात. टिपणात तुम्ही स्वतःला हा प्रश्न विचारावा असे मला वाटते: बापाचे म्हणणे मला पटले म्हणून मी त्या निर्णयाबरोबर गेले, की मी आधीच तयार होते आणि बापाने मला फक्त सबब पुरवली? माझे स्वतःचे मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकते. गावात एकही बऱ्यापैकी माणूस शिल्लक न ठेवणे ही पटकथेने केलेली लबाडी आहे, असेही मी म्हणेन. मूठभर जरी लोक थोडे बरे असते तरी तुमचे समाधान इतके निर्वेध झाले नसते.

आणखी एक गोष्ट मला चकित करते. रेघांची घरे आणि अदृश्य दारे ही सगळी युक्ती प्रेक्षकाने भावनेत वाहून न जाता तटस्थपणे विचार करावा या जातीची आहे, आणि तिचे मूळ जर्मन नाटककार ब्रेख्तपर्यंत जाते. ज्या गाण्यावरून या कथेची कल्पना सुचल्याचे ट्रिअर यांनी सांगितले आहे ते ब्रेख्त यांच्या १९२८ च्या 'थ्री पेनी ऑपेरा'मधले आहे, ज्याचे मराठी रूप पु. ल. देशपांडे यांनी 'तीन पैशाचा तमाशा' म्हणून केले. त्या गाण्यातली मोलकरीण भांडी घासता घासता स्वप्न पाहते की बंदरात जहाज येईल, कोणाला मारायचे असे तिला विचारले जाईल आणि ती म्हणेल, सगळ्यांना. एवढी तटस्थतेची तजवीज असूनही तुम्ही वाहून गेलात. राग यायला खऱ्या भिंती आणि खरे रस्ते लागत नाहीत, एवढे तरी यातून दिसतेच.

आता तुमच्या मैत्रिणीबद्दल. तिला 'कळले नाही' हे म्हणणे अन्यायाचे आहे. ट्रिअर यांच्या १९९६ च्या 'ब्रेकिंग द वेव्हज'मध्ये आणि २००० च्या 'डान्सर इन द डार्क'मध्येही निष्पाप बाईच्या यातनांवरच कथा उभी आहे, तेव्हा 'पुन्हा पुन्हा बाईच का' हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. बैठकीत तिच्या विरोधात एक आणि बाजूने एक, अशा दोन गोष्टी मी मांडेन. व्हेराचा नवरा चक ग्रेसवर पहिल्यांदा बलात्कार करतो त्या दृश्यात कॅमेरा मागे सरकतो, आणि भिंती नसल्यामुळे त्याच चौकटीत आपल्याला दिसते की थोड्या अंतरावर बाकीचे गाव आपापल्या उद्योगात आहे. कोणाला काही दिसत नाही, कारण त्यांच्यासाठी मधे भिंती आहेत. आपल्यासाठी त्या नाहीत. या एका चौकटीसाठी मी रेघांच्या त्या सगळ्या मांडणीचे समर्थन करीन. मला खटकतो तो निवेदकाचा सूर. पुढचे अत्याचार तो मिश्कील, कथेकरी आवाजात भराभर सांगून मोकळा होतो, आणि त्या मिश्कीलपणात सामील व्हायला आपल्यालाही बोलावतो. तुमच्या मैत्रिणीला चीड आली ती दृश्यांमुळे की या सुरामुळे, हे तिला अवश्य विचारा. उत्तर तिलाही नवे असण्याची शक्यता आहे.

उठून जाण्याचा तिला पूर्ण अधिकार होता आणि त्याचे कारण देण्याचे बंधन तिच्यावर नाही. रससिद्धान्ताचे जुने आचार्य अभिनवगुप्त यांनी रसास्वादाच्या आड येणारी जी विघ्ने सांगितली आहेत त्यांत प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने ग्रासला जाणे हे एक आहे, आणि ते विघ्न आले तर दोष ना प्रेक्षकाचा असतो ना कलाकृतीचा. तिच्या बाबतीत तसे काही असेल तर ते तिच्यापाशीच राहू द्या, खोदून विचारू नका. जो भाग तिने पाहिला नाही त्यावर तिने निकाल देऊ नये एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे, आणि उरलेला भाग तिच्यावर न लादता तुम्ही तो तिला सांगू शकता.

मित्राच्या बाबतीत मी जरा कमी मऊ आहे. चित्रपट सोसवत नाही म्हणून तो थोर ठरत नाही आणि सोसला म्हणून पाहणारा जाणकार ठरत नाही. 'सुजाण माणसाला यातला आशय कळतोच' या त्यांच्या भूमिकेला एक फार अप्रिय उत्तर आहे. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेत ७७ माणसांचे बळी घेणाऱ्या आंदर्श ब्रेविक याने फेसबुकवर आपल्या आवडत्या चित्रपटांत 'डॉगव्हिल'चे नाव दिलेले होते. हे कळल्यावर ट्रिअर यांनी त्याबद्दल आपल्याला वाटणारी व्यथा जाहीरपणे बोलून दाखवली. यासाठी चित्रपटाला गुन्हेगार ठरवणे मला मान्य नाही. परंतु कत्तलीचे ते समाधान मागाहून येणाऱ्या लाजेशिवायही घेता येते, आणि लाज नक्की येईल अशी कोणतीही तरतूद चित्रपटात नाही, हे मित्राने विचारात घ्यायला हवे.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. रौद्ररसाचा आस्वाद घेणाऱ्याला कोणाचा जीव घ्यायचा नसतो, त्यामुळे मनात आलेल्या एका वाक्यावरून स्वतःवर आरोपपत्र ठेवण्याचे कारण नाही. तुम्हाला आधी बरे वाटले आणि मग त्या बरे वाटण्याची भीती वाटली. या दोन्ही गोष्टी तुमच्याच आहेत; फक्त पहिली लिहिलीत तर ती कबुलीजबाबासारखी होईल आणि फक्त दुसरी लिहिलीत तर ती सारवासारव वाटेल. दोन्ही लिहा, ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने.

टिपणाला जोड म्हणून एलेम क्लिमोव्ह यांच्या १९८५ च्या 'कम अँड सी'चा शेवट सांगावा असे सुचवते. जर्मन सैन्याने बेलारूसमधली गावेच्या गावे जाळली, त्या काळाची ही कथा आहे. चित्रपटभर ज्याने एकदाही बंदूक चालवलेली नाही असा किशोरवयीन मुलगा शेवटी चिखलात पडलेल्या हिटलरच्या तसबिरीवर गोळ्या झाडू लागतो. त्याबरोबर खऱ्या वृत्तपटांतली दृश्ये उलटी धावू लागतात: कोसळलेल्या इमारती उभ्या राहतात, सैन्ये मागे जातात, हिटलर तरुण होत जातो, आणि अखेर आईच्या मांडीवरचे तान्हे मूल पडद्यावर थांबते. मुलाचे हात तिथे थबकतात. त्याला गोळी झाडता येत नाही. सूड घेण्याचा इतका निर्विवाद हक्क असलेली दुसरी कथा मला सांगता यायची नाही, आणि तरीही क्लिमोव्ह त्या सूडाला मुलापाशी येऊन थांबवतात. ट्रिअर यांची ग्रेस बरोबर तिथेच थांबत नाही. कोणाचे खरे, यावर तुमची बैठक रात्रभर भांडली तरी हरकत नाही. चांगला की वाईट यापेक्षा ते भांडण पुष्कळ बरे. मात्र हा चित्रपट त्या बैठकीत लावू नका. तो 'डॉगव्हिल'पेक्षाही सोसायला जड आहे आणि मैत्रीण आताच दुखावलेली आहे. शेवट तोंडी सांगितलात तरी पुरे.

काही गोष्टी टिपणात नसल्या तरी चालतील. चित्रपट अमेरिकेच्या विरोधात आहे का, हा वाद तेव्हा खूप रंगला. ट्रिअर यांनी अमेरिकेत पाऊलही ठेवलेले नव्हते याचा त्यात वारंवार उल्लेख होई, आणि शेवटच्या श्रेयनामावलीवर तिथल्या दरिद्री माणसांची छायाचित्रे टाकून ट्रिअर यांनी तो वाद स्वतःच ओढवून घेतला. त्या छायाचित्रांनी एवढी सर्वांना लागू पडणारी गोष्ट एका देशापुरती आखडली, असे माझे मत आहे. तो तुमच्या टिपणाचा विषय नव्हे. दिग्दर्शकाच्या २०११ मधल्या कानमधील बेताल वक्तव्यांचा तर मुळीच नव्हे.

राहिला प्रश्न हे सगळे चारचौघांत वाचण्याचा. टिपण लिहून झाले की बैठकीआधी ते एकट्या मैत्रिणीला वाचून दाखवा. चित्रपटाने आपल्याकडून काय करून घेतले हे तुमच्या तोंडून ऐकल्यावर तिला कदाचित आपला राग अधिक रास्त वाटेल, कदाचित नाही. पण समोर मित्र नसताना तिला तो कोणाविरुद्ध लढवावा लागणार नाही. बैठकीत चर्चा सुरू होण्यापूर्वी ज्यांनी शेवट पाहिला आहे त्या सर्वांना एका कागदावर, नाव न घालता, दोन ओळी लिहायला सांगा: ग्रेसने तो हुकूम दिला त्या क्षणी तुम्हाला काय वाटले? मित्रालाही. सगळ्यांचे लिहून झाले की कागद एकत्र करून मोठ्याने वाचा आणि मगच तुमचे टिपण काढा. ते दोन पानांपेक्षा मोठे नसावे, आणि ते वाचून झाल्यावर पहिल्यांदा बोलायची पाळी मैत्रिणीची असावी.